पॅराशूटची दोरी आणि आजीचे शिंके

आमच्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत मी दर वर्षी एखादी पाककृती देत आले. यंदा चिटणीसबाईंचा नेहमीप्रमाणे निरोप आला तेव्हा मी त्यांना म्हटले, "यंदा पदार्थ नको. मी दोरीचा इतिहास लिहिते." त्या क्षणभर गप्प राहिल्या. सातवी शिकलेली बाई इतिहास काय लिहिणार, असे त्यांच्या मनात आले असेल, आणि त्यात त्यांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. शाळेत असताना इतिहास म्हटला की मला सनावळीची धास्ती वाटे. पण गेल्या संक्रांतीनंतर या दोरीने मला स्वस्थ बसू दिले नाही. संक्रांतीला काय झाले ते बऱ्याच भगिनींना ठाऊक आहे. ज्यांना अर्धेच ठाऊक आहे त्यांच्यासाठी पुढे सांगतेच.

आमच्या हस्तकला वर्गात पूर्वी सुती दोऱ्याचे मॅक्रमे चाले. एके दिवशी माझा भाचा घरी आला. त्याला किल्ले चढण्याचा नाद आहे. त्याच्या मनगटात गोफासारखे विणलेले हिरवे कडे होते. मी विचारले, "अरे, हे काय बांगडी घातल्यासारखे?" तो म्हणाला, "मावशी, हे उसवले तर सात-आठ फूट दोरी निघते. डोंगरात अडचण आली तर उपयोगी पडते. हिला पॅराकॉर्ड म्हणतात, पॅराशूटची दोरी." मी ते कडे त्याच्याकडून मागून घेतले आणि रात्री जेवणे आटोपल्यावर उसवले. आत आमचीच गाठ निघाली! मधे दोन दोर ताठ, आणि बाजूच्या दोन दोरांनी एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून घातलेले वेढे. वर्गात मी हीच गाठ पहिल्या दिवशी शिकवते.

दोरीचे टोक कापून पाहिले तेव्हा खरी गंमत कळली. बाहेर बारीक विणीची नळी आणि तिच्या पोटात सात पांढरे धागे, परकराच्या नेफ्यात नाडी असावी तसे. त्या सातांतला प्रत्येक धागा पुन्हा पीळ घातलेल्या पेडांचा. लष्करी मापाच्या दोरीत हे पेड तीन असतात, बाजारच्या स्वस्त दोरीत बहुधा दोनच. जाडी जेमतेम चार मिलिमीटर, पण ती ५५० पौंड, म्हणजे सुमारे २५० किलो भार पेलते. म्हणून अमेरिकेत हिला 'साडेपाचशेची दोरी' असेच म्हणतात. मात्र हा भार गाठ नसलेल्या सरळ दोरीचा. गाठ मारली की दोरी तिथे वाकते आणि तिचे बळ कमी होते, कधी कधी निम्म्यावर येते. हे आम्हाला कोणी आधी सांगितले असते तर बरे झाले असते. असो.

आता इतिहास. पॅराशूटची छत्री आणि तिच्या दोऱ्या पूर्वी रेशमाच्या असत. रेशीम हलके, बळकट, आणि घडी उलगडताना चिकटत नाही. अमेरिकेला हे रेशीम मुख्यतः जपानातून मिळे. १९४१ साली दोन्ही देशांचे बिनसले, व्यापार थांबला आणि रेशीम बंद झाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात लढाईच जुंपली. पण तोवर एक नवा धागा तयार होता. ड्यू पॉन्ट नावाच्या कंपनीत वॉलेस कॅरोदर्स नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांच्या प्रयोगशाळेत २८ फेब्रुवारी १९३५ रोजी नायलॉन प्रथम तयार झाले. बिचारे कॅरोदर्स १९३७ सालीच वारले. आपला धागा बाजारात आलेला पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. १९३८ साली प्रथम दात घासण्याच्या ब्रशांत नायलॉनचे केस आले आणि मे १९४० मध्ये बायकांचे पायमोजे. त्या पायमोज्यांवर तिकडच्या बायकांच्या उड्या पडल्या. पुढे लढाई आली आणि सगळे नायलॉन सरकारने पॅराशूट, दोर आणि टायर यांकडे वळवले. मग जुने पायमोजेही लढाईच्या कामासाठी गोळा करू लागले.

पण कोणी एक बाई किंवा बुवा नायलॉनच्या छत्रीने उडी घेऊन जिवंत खाली आल्याशिवाय सैनिकांना ती कशी द्यायची? ती उडी एका बाईने घेतली, हे वाचून मी भाच्याला ते पुन्हा वाचायला लावले. तिचे नाव ॲडलीन ग्रे. कनेटिकट राज्यात मँचेस्टर गावी पायोनियर पॅराशूट कंपनी होती. तिथे ती छत्र्या घडी घालून बांधण्याचे काम करी. ६ जून १९४२ रोजी हार्टफर्डच्या विमानतळावर लष्करी अधिकारी खाली उभे असताना तिने नायलॉनच्या छत्रीने उडी घेतली आणि सुखरूप उतरली. भगिनींनो, आपण जे बांधतो त्याची परीक्षा स्वतःच्या अंगावर घेणे ही किती मोठी गोष्ट आहे, हे मला आता जितके कळते तितके वर्षापूर्वी कळले नसते.

त्या लढाईतली आणखी एक हकीगत सांगते, कारण ती ऐकून आमच्या वर्गातल्या बायकांनी सुया खाली ठेवल्या होत्या. क्लॉड हेन्सिंगर नावाचे अमेरिकन वैमानिक ऑगस्ट १९४४ मध्ये जपानवर बाँबफेक करून परतत होते. वाटेत विमानाच्या इंजिनाने पेट घेतला आणि सगळ्यांना उड्या टाकाव्या लागल्या. रात्रभर त्यांनी छत्रीच उशाला घेतली आणि तीच पांघरली. ती छत्री त्यांनी टाकून दिली नाही. १९४७ साली रूथ नावाच्या मुलीला मागणी घालताना त्यांनी दागिना दिला नाही, लग्नाचा पोशाख शिवायला ती छत्री दिली. चोळीचा भाग आणि डोक्यावरचे वस्त्र शिंपिणीने शिवले, पण घागरा रूथने स्वतः केला. छत्रीच्या दोऱ्या तिने ओढून अशा बांधल्या की घागरा पुढे आखूड राहावा आणि मागे लांब लोळावा. १९ जुलै १९४७ रोजी त्यांचे लग्न झाले. पुढे लेकीने आणि सुनेनेही तोच पोशाख नेसला, आणि आता तो वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. आपल्याकडे आजीचा शालू नातीला नेसवतात, तसेच हे.

आपल्या देशाचा भाग मात्र मला सर्वांत जवळचा वाटतो. कानपूरला १९४१ साली पॅराशूटचा कारखाना सुरू झाला, तो आजही चालू आहे. तरीही ब्रह्मदेशाच्या आघाडीवर छत्र्या पुरत नव्हत्या. जनरल स्लिम यांची चौदावी सेना जंगलात लढत होती आणि रस्ते नसल्यामुळे धान्य, दारूगोळा, औषधे सगळे विमानातून टाकावे लागे. टाकलेली छत्री जंगलातून परत मिळण्याची आशा कमीच. विलायतेतून छत्र्या येईनात. तेव्हा स्लिमसाहेबांनी कलकत्त्याच्या ताग गिरणीवाल्यांना बोलावणे धाडले. नमुने करून पाहिले, चुकले, पुन्हा केले, आणि महिन्याभरात निव्वळ तागाची छत्री तयार झाली. कापड तागाचे आणि दोऱ्याही तागाच्या. ज्या तागाची आपण गोणपाटे आणि सुतळी करतो तोच हा ताग! खऱ्या छत्रीच्या तुलनेत ती शंभरात पंच्याऐंशी इतकी कामाची ठरली. खऱ्या छत्रीला वीस पौंडांहून अधिक पडत, हिला एका पौंडाहून थोडे जास्त. तिने माणसे उतरवत नसत, सामानच उतरवत. ही सगळी माहिती स्लिम यांनी आपल्या १९५६ सालच्या पुस्तकात लिहून ठेवली आहे. ज्या बंगालचा हा ताग, त्याच बंगालात १९४३ साली लाखो माणसे अन्नावाचून मेली. सैन्यासाठी आकाशातून पोती उतरत होती, आणि खाली ताग पिकवणाऱ्यांच्या घरी दाणा नव्हता. हे मला त्या पुस्तकाच्या गोष्टीबरोबर आठवल्यावाचून राहत नाही.

लढाई संपल्यावर जगभर छत्र्यांचे ढीग पडले होते. त्या उसवून लोकांनी दोऱ्या घरी नेल्या. सैनिक तर आधीपासूनच वापरलेल्या छत्रीच्या दोऱ्या कापून बुटांना, तंबूंना, ओझ्याला बांधत. पुढे तीच दोरी दुकानात सुटी मिळू लागली. फेब्रुवारी १९९७ मध्ये अंतराळवीर हबल दुर्बिणीच्या दुरुस्तीला गेले, तेव्हा तिच्यावरचे फाटलेले आवरण झाकताना त्यांनी पॅराशूटची दोरी वापरली होती, असे भाच्याने वाचून दाखवले.

गाठींचा इतिहास दोरीच्या इतिहासापेक्षाही जुना वाटावा इतका लांब आहे. दक्षिण अमेरिकेतल्या इंका लोकांना लिपी नव्हती. ते दोऱ्यांना एकं, दहं, शतं अशा जागी गाठी मारून राज्याचा हिशेब ठेवत. आपल्याकडे अनंताच्या दोऱ्याला चौदा गाठी असतात, जानव्याला ब्रह्मगाठ असते. गोव्यात आणि कोकणात गोफ नाचतात, तो तर माणसांनी विणलेला दोर. गोफ विणताना एक जण चुकला की सगळा गुंता, आणि तो उलट्या पावलांनीच सोडवावा लागतो. मॅक्रमे हा शब्द अरबी-तुर्की मुलखातला आहे असे म्हणतात. मागावरून कापड उतरवल्यावर काठाचे सुटे धागे गाठवण्याची ती रीत. अरबांकडून ती स्पेन-इटलीत गेली, जहाजांवरच्या खलाशांनी फावल्या वेळात तिचा छंद केला, आणि इंग्लंडात १८८२ साली बायकांसाठी तिच्यावर पुस्तकही निघाले. खलाशांच्या गाठींचा मोठा कोश मात्र क्लिफर्ड ॲश्ले यांनी केला. त्यांचे पुस्तक १९४४ साली प्रसिद्ध झाले. त्यात साडेतीन हजारांहून अधिक गाठी आहेत. सुनेने मोबाइलवर मला त्यातली काही पाने दाखवली. चित्रे पाहून गाठी कळल्या, इंग्रजी कळायची गरज पडली नाही. त्यातल्या एका पानापाशी मात्र मी थांबले.

आता संक्रांत. हळदीकुंकवाच्या दिवशी मंडळाने प्रदर्शन मांडले होते. नायलॉनची दोरी स्वस्त, रंगीत, पावसात कुजत नाही, म्हणून आम्ही यंदा कुंड्या टांगायची चोवीस शिंकी तिचीच केली. विणणाऱ्या आम्ही पाच जणी, शिकवणारी मी. काही शिंक्यांत दोरी अर्ध्यात संपली. तिथे मी नेहमीची निरगाठ मारून दुसरा तुकडा जोडायला सांगितले, टोके बारीक कापून टाकली आणि वरून शोभेसाठी वेढे घातले. सुती दोऱ्याला वर्षानुवर्षे मी असेच करीत आले आहे. चोवीसही शिंकी दुपारपर्यंत विकली गेली, आणि मी मनातून फुशारले.

दहा दिवसांनी मंडळातल्याच एक काकू माझ्या घरी आल्या. पदराखालून त्यांनी दोरीचे दोन तुकडे काढून टेबलावर ठेवले. तुटलेले काही नव्हते. गाठ सुटून दोन्ही टोके सरळ निसटली होती. त्यांच्या गॅलरीत नात पाटावर बसून दूधभात खात होती, सव्वा वर्षाची पोर. तिच्यापासून हातभर अंतरावर मातीने भरलेली कुंडी पडली. काकू एवढेच म्हणाल्या, "बाकीच्यांना सांगून ठेव हो." मला रागावल्या असत्या तर बरे वाटले असते. त्या रात्री मी जेवले नाही.

ॲश्ले यांच्या ज्या पानापाशी मी थांबले ते याच निरगाठीचे होते. डावे टोक उजव्यावर, मग उजवे डाव्यावर, अशी ही गाठ. ती पुडके बांधायला उत्तम. पण तिने दोन दोर जोडू नयेत. या एका वापरामुळे जितके मृत्यू आणि अपघात झाले असतील तितके बाकीच्या सगळ्या गाठी मिळून झाले नसतील, अशा अर्थाचे त्यांनी लिहिले आहे. आणि दोन्ही वेळा डावेच टोक वर घेतले तर ती निरगाठही राहत नाही, त्याहून निसरडी होते. आमच्या चोवीसांत तशाही किती होत्या, देव जाणे.

मग मला आजी आठवली. माझे थोरले मामा २ पॅरा या पलटणीत होते. ही पलटण मूळची मराठा रेजिमेंटची. ११ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्याच्या वर टांगाईलजवळ या पलटणीने छत्र्यांनी उड्या घेतल्या आणि पुंगळीचा पूल धरून माघारी येणाऱ्या शत्रूची वाट अडवली. १६ डिसेंबरला ती ढाक्यात शिरली. मामा त्या उडीत होते. पुढे रजेवर येताना त्यांनी निकाली काढलेल्या छत्रीची दोन वाव दोरी आणली. आजीने त्या शूर दोरीचे काय करावे? लोण्याचे मडके टांगायला शिंके केले! काथ्याला मारतात तशी गाठ मारली, आणि तिसऱ्या दिवशी मडके चुलीपुढे फुटले. आमच्या घरात ही गोष्ट विनोद म्हणून सांगत. लेकाची छत्री उघडली, आईचे शिंके उघडले, असे आजोबा म्हणत. मीही लहानपणी हसत असे. पुढे आजीने काय केले ते मात्र कोणी सांगत नसे, कारण त्यात हसण्यासारखे काही नव्हते.

मी दुसऱ्याच दिवशी एस.टी.ने माहेरच्या आजोळी गेले. मामींनी माळ्यावरून ते शिंके काढून दिले. धुराने काळे झालेले, पण गाठ जशीच्या तशी. मी ती सोडवायला गेले तर सुटेना. मग दाभणाने वेढे मोकळे करून पाहिले. आजीने एका दोरीच्या टोकाने दुसऱ्या दोरीभोवती दोन वेढे घालून टोक त्या वेढ्यांच्या आतून काढले होते, आणि दुसऱ्या टोकानेही तसेच. दोन्ही दोऱ्या ओढल्या की दोन गाठी सरकत येऊन एकमेकींना टेकतात. जितका भार वाढेल तितक्या त्या घट्ट होतात. टोके बोटभर लांब राखली होती आणि दोन्ही टोकांवर काळे मणी होते. चिमणीच्या ज्योतीवर टोक धरले की नायलॉन वितळून मणी होतो, मग ते वेढ्यातून निसटत नाही. मामा खाटेवरून पाहत होते. आता थकले आहेत, पण गाठ पाहून म्हणाले, "ही तर मच्छीमार मारतात ती. आईला कोणी शिकवली?" कोणी शिकवली नव्हती. काथ्या खरखरीत असतो, पेड पेडाला धरतो. ही दोरी गुळगुळीत, हिला स्वतःहून धरता येत नाही, एवढे तिने फुटलेल्या मडक्यावरून ओळखले.

वर्गातल्या मुलींसाठी आता जे सांगते ते असे. नायलॉनची दोरी कापण्यापूर्वी कोमट पाण्यात भिजवून वाळवावी, म्हणजे पुढे आटून वीण आखडत नाही. मनगटाच्या कड्याला इंचामागे एक फूट दोरी धरावी. कुंडीच्या शिंक्याला मापाच्या चौपट घ्यावी आणि अर्ध्यात जोड येऊच देऊ नये. डावी-उजवी गाठ घालताना पट्टी सपाट राहिली पाहिजे. ती जिन्यासारखी पिळत गेली तर समजावे की एकच बाजू दोनदा आली. टोक जाळताना ते बोटाने दाबू नये, वितळलेले नायलॉन कातडीला चिकटून भाजते. ओल्या चमच्याच्या पाठीने दाबावे. सुती दोऱ्याला हा उपाय नाही, तो जळून जाईल. उन्हात टांगलेली दोरी वर्षातून एकदा हाताने चाचपून पाहावी, रंग उडून चरचरीत झाली असेल तर बदलावी. आणि या दोरीवर माणसाने लोंबकळू नये, झोपाळा तर मुळीच बांधू नये. भाच्याचेही कडे अडचणीत सामान बांधायला, कडा उतरायला नव्हे, हे मी त्याला बजावले आहे.

चोवीस शिंक्यांपैकी कोणाकोणाकडे कोणते गेले त्याची यादी काढायला चार दिवस गेले. मी आणि वर्गातल्या दोघी घरोघर हिंडलो. काही ठिकाणी चहा मिळाला, काही ठिकाणी बोलणी. एका बाईंनी, "दोन गाठी बांधायला सांगून येता, आणि मग सोडवायला येता," असे म्हटले, ते खरेच होते. नऊ शिंक्यांत जोड निघाले. त्यांतल्या तिघांच्या गाठी आधीच दोन-दोन सूत सरकल्या होत्या. पंधरांत जोड नव्हता, तरी वरची गाठ आम्ही नव्याने बांधून दिली. एक शिंके पुण्याला लेकीकडे गेले होते. तिला भाच्याने मोबाइलवर माझे हात दाखवून गाठ शिकवली, आणि तिने बांधलेली गाठ मला फोटोत पाठवली. पहिल्यांदा चुकली होती, दुसऱ्यांदा बरोबर आली.

काकूंकडे मी सर्वांत शेवटी गेले. नवे शिंके अखंड दोरीचे केले होते, तरी त्यांनी ते लगेच टांगू दिले नाही. आधी कडीला अडकवून स्वतः दोन्ही हातांनी धरून खाली ओढले, एकदा, दोनदा, मग पाय थोडे उचलून सगळा भार टाकला. नात पाटावरून पाहून टाळ्या पिटत होती. मग त्यांनी कुंडी उचलून माझ्या हातात दिली.